आतली पोपी

१

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या ग्रीकांनी ठेवला नाही आणि मॉर्मनांनी तर नाहीच नाही. घाटापलीकडं कोळशाच्या खाणींच्या गावात माझा थोरला भाऊ स्टाव्रोस राहतो. तो फोनवर म्हणाला, "धर्म बदललास ना? बदल. पण माझ्याशी खोटं बोलू नको, पोपी." आणि इकडं खोऱ्यातल्या बायका माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणतात, "लाजायचं काय त्यात? आम्ही कुणाला सांगणार नाही." तोवर सगळ्या खोऱ्याला सांगून झालेलं असतं.

म्हणून लिहून काढते आहे. माझी शाळा चौथीत सुटली. बाप मेंढरं घेऊन उन्हाळाभर डोंगरावर असायचा, आई नव्हती, मग रांधायला कोण? मी. तेव्हा माझ्या अक्षराला ज्याला हसायचं त्यानं हसावं. पण मी वेडी नाही आणि खोटारडी तर नाहीच. गावात लोक मला टरकून असतात ते मी तोंडावर खरं बोलते म्हणून.

हायवेवर ट्रकवाले थांबतात त्या खानावळीचा काउंटर मी सांभाळते. युटाच्या या खोऱ्यात कॉफी मिळायची तेवढीच एक जागा. मॉर्मन माणूस कॉफी पीत नाही, त्यांच्या धर्मात बसत नाही. पण मागच्या खिडकीशी गाडी लावून झाकणाचा कप कोण कोण मागतं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि मी आजवर कुणाचं नाव घेतलेलं नाही. तेवढी तरी माझी लाज त्यांनी राखायला हवी होती.

२

टेकडीवर त्यांचं देऊळ आहे, पांढऱ्या दगडाचं. चर्च वेगळं आणि देऊळ वेगळं. चर्चमध्ये मी कितीदा गेले आहे. कुणाच्या मयताला, पोरांच्या गाण्याला, चीज घातलेल्या बटाट्यांची परात पोचवायला. तिथं कुणालाही ये म्हणतात. देवळात मात्र फक्त त्यांचीच माणसं, आणि त्यांतही बिशपनं ज्याला कार्ड दिलंय तोच. बाहेरच्यांना दाराच्या आत एक बसायची खोली आहे. तिच्यापुढं नाही.

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मी त्या खोलीत बसून काढलं. रीना मॉर्मन झाली ती डेल्विनसाठी, असं मी म्हणते. ती म्हणते, मनापासून. असेल. लग्न आत झालं आणि मी बाहेर निळ्या कोचावर मांडीवर पर्स घेऊन बसले होते. दाराशी म्हातारे ब्रदर टिंगी पांढऱ्या सुटात कार्डं बघत होते. त्यांनी कागदी रुमालांचा डबा माझ्यापुढं ठेवला.

"रडत नाहीये मी," मी म्हटलं. "सर्दी आहे."

"सर्दीलाही रुमाल लागतो, मॅडम," ते म्हणाले. चांगला माणूस.

त्या खोलीत गालिचा इतका जाड की स्वतःचं पाऊल स्वतःला ऐकू येत नाही. आत सगळे मऊ पांढऱ्या सपाता घालून फिरतात, त्यामुळं दारापलीकडं माणूस आहे की नाही कळत नाही. भिंतीवरचं घड्याळसुद्धा मुकं. तिथं मला माझा खोकला आला. सिगारेटचा जुना खोकला, छातीत कुत्रं भुंकावं तसा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी आणखी एकदा खोकले, मुद्दाम.

लग्नानंतर रीना दर शनिवारी सकाळी माझ्या घरी यायची. मी माझी कॉफी उकळायची, ती दूध प्यायची, आणि आम्ही भांडायचो. तिच्या केसांवरून, माझ्या सिगारेटवरून, देवावरून. मग ती माझ्या गुडघ्याला तेल चोळून द्यायची आणि जायची. नवरा गेल्यापासून माझं म्हणावं असं माझ्याकडं तेवढंच होतं, शनिवार. बाकीचे वार लोकांना कॉफी ओतण्यात जायचे.

३

बर्फ वितळायला लागलं होतं त्या सुमाराची गोष्ट. नेड्रा, शाळेची बस चालवते ती, काउंटरवर टेकली आणि हळूच म्हणाली, "तुला पाहिलं मी देवळात."

"कुठं?"

"आतल्या मोठ्या खोलीत, झुंबराच्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होतीस. मी मान हलवली तर तू हसलीस."

"मी हसले?"

"हो ना. मलाही तेच नवल वाटलं."

दोन ट्रकवाले फिस्सकन हसले. मीही हसले. म्हटलं, "नेड्रा, आधी चष्मा बदल. दुसऱ्यांची पोरं नेतेस त्या बसमधून."

ती गेली आणि मी विसरले. दिसण्यात फरक तो काय असतो? माझ्या वयाच्या जाडजूड, काळ्या केसांच्या बाईला पांढरा झगा घातला तर कुणीही माझ्यासारखी दिसेल. मी अशीच मनाची समजूत घातली. मग औषधाच्या दुकानातली बाई तेच म्हणाली. मग झाकणाचा कप मागणाऱ्यांपैकी एक जण खिडकीशी आला, नेहमीचा कप घेईना, आणि डोळे खाली घालून म्हणाला, "आता तुमच्या हातून घ्यायला बरं वाटत नाही, सिस्टर." सिस्टर. तसं ते फक्त त्यांच्यातल्या बाईला म्हणतात; या खोऱ्यात इतकी वर्षं काढली, मला कुणी सिस्टर म्हटलं नव्हतं.

सगळ्यांचं सांगणं एकच. खिडकीजवळची खुर्ची, पांढरा झगा, मांडीवर हात. बोलत नाही. कुणी पाहिलं की हसते. एक जण म्हणाली, "किती हलकी चालतेस गं तिथं." माझा डावा गुडघा गेली कैक वर्षं वाकत नाही.

मी प्रत्येकाला विचारायची, "ती मी नव्हे हे तुला कळलं नाही?" आणि प्रत्येक जण अशा नजरेनं बघायचा जसं दिवस गेलेले लपवणाऱ्या पोरीकडं बघतात. शेवटी औषधाच्या दुकानातलीच वैतागून म्हणाली, "बाई, शंका कसली घ्यायची? शेजारी तुझी रीना बसली होती ना, तुझा हात हातात घेऊन."

४

त्याच दिवशी संध्याकाळी मी आर्डेलला घरी बोलावलं. आर्डेल म्हणजे रीनाची सासू. ती रिकाम्या हातानं कुठंही जात नाही, हिरव्या जेलीचं भांडं घेऊन आली.

"हिच्यात गाजर किसून घातलंयस," मी म्हटलं.

"नेहमीच घालते."

"का?"

"बस, पोपी. तुला काय बोलायचंय ते बोल. गाजरावरून सुरुवात करू नको."

आर्डेलला एक नाद आहे, त्यांच्यात पुष्कळांना असतो. मेलेल्या माणसांची नावं शोधायची आणि देवळात न्यायची. तिथं जिवंत माणूस मेलेल्याच्या वतीनं पाण्यात उतरतं, त्याच्या वतीनं पुढचं सगळं करतं, म्हणजे मेलेल्याला त्यांच्यात यायची वाट मोकळी होते. आपले सगळे संपले की ती शेजाऱ्यांच्या मागं लागते. मी तिला बजावून ठेवलं होतं, माझ्या लोकांना हात लावू नको, ते आपापल्या मातीत आपापल्या मेणबत्तीखाली सुखी आहेत.

"माझ्या घरातलं कुणाचं नाव नेलंस?" मी विचारलं.

तिनं जेलीचं भांडं उगाच सरळ केलं. मग म्हणाली, "एकच. तुझ्या आजीचं. रीनाची ती पणजी लागते, रीनाचा हक्क आहे. पाण्यात रीनाच उतरली तिच्यासाठी. पुढचंही सगळं तिनंच केलं."

"आजीचं नाव काय नेलंस?"

"कलिओपी वरदाकी. ग्रीसमधल्या क्रेता बेटावर जन्म, तिथंच मरण. बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. आमच्यात थोरल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात, जसंच्या तसं. लग्नाआधी मी कलिओपी वरदाकी. पोपी हे लाडाचं. आर्डेलला हे माहीत असायचं कारण नव्हतं, तिच्याकडं एका नावाचं एकच माणूस असतं, ते झालं की पुढचं. मी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण ती लगेच सावरली.

"म्हणून काय झालं? देवाला कळत नाही का कुठली कलिओपी ते? आणि पोपी, आमच्यात जबरदस्ती नसते. मेलेल्याला हवं असेल तर त्यानं घ्यावं, नको असेल तर नको म्हणावं."

"आणि जिवंताला विचारतं कोण?"

"जिवंताचा प्रश्न येतोच कुठं," आर्डेल म्हणाली. "जेली फ्रिजमध्ये ठेव. पाणी सुटतं तिला."

५

मी जादूटोणा मानत नाही. मेंढरांत वाढलेलं माणूस कशाकशाला घाबरणार? वसंतात पिलू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या पिलाच्या अंगावर चढवायचे माझे बाबा, म्हणजे मेंढी वास घेऊन त्याला आपलं समजायची आणि दूध द्यायची. मी ते हातानं केलंय. तेव्हा मला वाटायचं मेंढी किती मूर्ख.

रीनाचे शनिवार बंद झाले. पहिल्यांदा गाडी नादुरुस्त, मग डेल्विनला बरं नाही, मग फोनच नाही. मी फोन केला की गोड बोलायची. भांडायची नाही. "सिगारेट कमी कर" सुद्धा म्हणाली नाही. मी म्हटलं, "रीना, गुडघा ठणकतोय, तेल लावायला तरी ये." आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की गुडघा ठणकत नव्हता. मी उभी होते, कधीपासून, आणि तो ठणकत नव्हता. मी वाकवून बघितला. पोरीच्या गुडघ्यासारखा वाकला.

एरवी माणसानं आनंदानं उडी मारली असती. मी खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले.

त्यानंतर मी माझ्या अंगाकडं लक्ष ठेवायला लागले. सकाळी उठल्यावर खोकला येत नव्हता. सिगारेट पेटवली, धूर पार तळापर्यंत ओढला, तरी नाही. छाती कोऱ्या भांड्यासारखी. खानावळीत लोक म्हणायला लागले, "पोपी, तू बरी दिसतेस हल्ली." पण म्हणताना ते माझ्याकडं बघत नसत, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत. कप घेत आणि जात. मी मुद्दाम एकाला शिवी दिली. त्यानं "थँक यू" म्हटलं.

स्टाव्रोसचा फोन तेव्हाच आला होता. आमच्या ग्रीक चर्चमधल्या फादरपर्यंत बातमी गेली होती, आणि ईस्टरला चर्चमध्ये वाटतात त्यातलं माझ्या वाटणीचं लाल अंडं यंदा ठेवायचं की नाही यावर तिथल्या बायकांत चर्चा झाली म्हणे. मी म्हटलं, "तू ये आणि बघ, मी इथंच आहे." तो म्हणाला, "बघायला काय यायचं? आवाजसुद्धा बदललाय तुझा. मऊ झालाय."

६

शेवटी मी टेकडीवर गेले. शनिवारच होता, लखलखीत ऊन, हिरवळीवर नवरा-नवरीचे फोटो चाललेले. रीनाची गाडी तिथं उभी होती. माझ्याकडं यायची ती वेळ.

बसायच्या खोलीत ब्रदर टिंगी होते. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा हात कार्डांवरच राहिला. त्यांनी मागं आतल्या दाराकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही बाहेर कधी आलात?"

"मी आत्ता आले. रस्त्यावरून."

"नाही हो. मघाशीच आत गेलात. मुलगी बरोबर होती. मी स्वतः दार धरलं."

"कार्ड पाहिलंत?"

म्हाताऱ्यानं हातातली कार्डं उलटसुलट करून पाहिली. इतकी वर्षं त्या दाराशी बसलेला माणूस, त्याला आठवेना. "पाहिलंच असणार," तो म्हणाला, पण स्वतःलाच विचारल्यासारखं.

मी निळ्या कोचावर बसले. का बसले कोण जाणे, पाय आपोआप तिथंच गेले. खोली होती तशीच, मुकी. मी मनाशी म्हणत होते, म्हातारा चक्रम झालाय, नेड्राला दिसत नाही, आर्डेल तर जन्माची घोटाळेबाज, आणि गुडघे काय, बरेही होतात कधी कधी. सगळ्याला कारण असतं. डॉक्टरला विचारलं तर तो दहा कारणं देईल.

तेवढ्यात दारापलीकडं कुणी तरी खोकलं.

एकदा. छातीत कुत्रं भुंकावं तसं. मग आणखी एकदा, आणि त्यामागं घसा साफ करायचा तो चिकट आवाज, जो माझ्या नवऱ्याला सहन व्हायचा नाही. तुमचं नाव कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर तुम्ही भांडाल. तुमचा खोकला कुणी दुसऱ्यानं खोकला तर काय कराल? माझी छाती कोरडी होती. मी प्रयत्न केला. घसा खरवडला, जोर केला. नुसती हवा बाहेर आली.

मी उठले. ब्रदर टिंगी "मॅडम" म्हणाले, मग "सिस्टर" म्हणाले, आणि काय म्हणावं हे न कळून बाजूला झाले. आतून एक बाई बाहेर येत होती म्हणून दार उघडलं गेलं होतं, आणि ते अगदी सावकाश मिटत होतं. तेवढ्या वेळात जे दिसलं ते एवढंच.

लांब पांढरा बोळ. टोकाला कोच. रीना पाठमोरी, डोकं कुणाच्या तरी खांद्यावर टेकलेलं. मी तिला तसं टेकू दिलं नसतं कधी, म्हटलं असतं, सरळ बस, मान आखडेल. त्या दुसरीचा चेहरा दाराआड होता. एक हात तेवढा दिसत होता, रीनाच्या केसांवरून फिरत होता. बाही वर सरकलेली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत उकळत्या तेलाचा जुना डाग, दोन बोटं रुंद. तो डाग मी खानावळीतल्या कढईवरून कमावलाय. तो हात थांबला. ती वळणार होती.

दार मिटलं. मिटल्याचा आवाज आला नाही.

मी माझी बाही वर केली आणि लगेच खाली ओढली. तिथं काय होतं आणि काय नव्हतं ते मी लिहिणार नाही.

७

रीना बाहेर आली ती एकटी. मी हिरवळीशेजारच्या बाकावर होते. तिनं मला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. भीती नव्हती ती. कंटाळा होता. पाहुणे निघून गेले म्हणून दार लावावं आणि एक जण मागं राहिलेला दिसावा, तसा.

"आई, तू कशाला आलीस?"

"आज शनिवार आहे."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. समोर कुणाची तरी नवरी झगा सावरत हसत होती आणि तिची सासू की आई ओरडत होती, गवतावर नको, डाग पडेल. आम्ही दोघी तिकडं बघत राहिलो.

"ती कोण आहे, रीना?"

"कोण कोण?"

"मला आर्डेल समजू नको. मी आवाज ऐकला. हात पाहिला. ती तुझी पणजी नाही. पणजीनं आयुष्यात खानावळ पाहिली नव्हती."

तिनं मांडीवरचा स्कर्ट सारखा केला. मग म्हणाली, अगदी शांतपणे, जशी आता ती बोलते तशी, "पणजीला मी कधी पाहिलं होतं, आई? फोटोसुद्धा नाही. मी पाण्यात उभी होते. त्यांनी नाव वाचलं, कलिओपी वरदाकी. माझ्या डोळ्यापुढं तू आलीस. माझ्या लग्नात त्या कोचावर बसली होतीस तशी, पर्स धरून."

"मग ढकलून द्यायचं."

"ढकलता आलं असतं," रीना म्हणाली. "नाही ढकललं. म्हटलं, येऊ दे. दर वेळी आत गेले तेव्हा म्हटलं, येऊ दे."

"मी जिवंत आहे."

"माहीत आहे."

"तुला आई हवी होती तर घर माझं कुठं लांब होतं?"

"तिथं तू भांडायचीस," ती म्हणाली. "ती भांडत नाही. ती माझा हात धरून बसते. आणि पुढं कधीही, मेल्यावरसुद्धा, ती मला सोडून जाणार नाही. तू आली असतीस का आत, आई? खरं सांग. मी कितीही विनवलं असतं तरी?"

मी खरं बोलणारी बाई. म्हणून मी काहीच बोलले नाही.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला, बाहीवरून, आणि लगेच काढला, गार लागल्यासारखा. मग उठली. मी म्हटलं, "रीना, घरी चल. दूध आहे. भांडणार नाही." तिनं मान तिरकी केली, दुरून कुणी हाक मारतंय आणि नीट ऐकू येत नाही अशी. मग ती वळली आणि पुन्हा देवळाच्या दाराकडं चालायला लागली. टिंगींनी दार धरलं. ती आत गेल्यावरही ते दार धरून उभेच राहिले, मागून आणखी कुणी येत असल्यासारखे, आणि मान लववून म्हणाले, "या, सिस्टर." मी बाकावरून हललेही नव्हते.

आता मी आर्डेलला शिव्या देत नाही. तिची जेली खाते, गाजरासकट. तिनं नेलं ते मेलेल्या बाईचंच नाव होतं. टिंगींनी दार धरलं ते माणुसकीनं. क्रेतातल्या म्हातारीला तर या सगळ्याचा पत्ताही नाही. स्टाव्रोस विचारतो, "तुला असं कुणी केलं गं?" तेव्हा मी फोनवर काही तरी सांगते, पण त्याला ऐकू जात नाही म्हणतो, लाइन खराब आहे. म्हणून इथं लिहून ठेवते, जोवर अक्षर उमटतंय तोवर. मला असं केलं ते विहिणीनं नाही, देवळानं नाही, देवानंही नाही. जिला मी नऊ महिने पोटात वागवलं तिनं. रीनानं.